दीड वेढा

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

प्रिय राजेंद्र,
सप्रेम जयभीम.

फोन केला की तू "आक्का कशी आहे" एवढं विचारतोस आणि फोन संध्याच्या हातात देऊन बाहेर निघून जातोस. मग तुझी बायको बिचारी मला सोयगावच्या थंडीबद्दल सांगत बसते. दोन वर्षं मी थंडीबद्दल ऐकतोय. म्हणून या वेळी पाकीट आणलं. पोस्टातल्या बाईंनी दोनदा विचारलं, "काका, पत्रच टाकायचंय ना?"

कारण सांगतो. मागच्या आठवड्यात संध्या रूपाला म्हणाली की तू एसटीच्या डेपोत द्यायला अर्ज लिहून ठेवला आहेस. "मला कायमचं स्टेअरिंगवरून काढा, पार्सलच्या खिडकीवर बसवा, पण बस देऊ नका." मार्चअखेर देणार म्हणे. बावीस वर्षांत बसला साधा ओरखडा न आणलेला माणूस आता पार्सलच्या पावत्या फाडणार. रूपाला ते ऐकल्यापासून चैन नाही. अंगणवाडीत जाते, खुर्चीवर बसून पोरांची गाणी घेते, घरी येते, काठी दाराला टेकवते आणि सोयगावच्या फोनची वाट बघते. पायाचं दुखणं सोसेल, पण भावानं हात बांधून घेतले ते सोसत नाही, असं तिनंच मला एकदा सांगितलं.

त्या दिवशी स्टेअरिंगवर तू होतास आणि शेजारी तुझी बहीण होती, एवढंच खरं. बाकीचं तू स्वतःला लावून घेतलं आहेस. गतिरोधकावरून आपली शेडमध्ये हातानं बनवलेली गाडी उडाली, मागून फिरली आणि कडेच्या लिंबाच्या झाडावर गेली. रूपाचा खुबा मोडला. दुसऱ्या कुणाच्या हातात असती तरी तेच झालं असतं. मी तेव्हाही सांगितलं होतं. तू म्हणालास, "दाजी, तुम्ही माझं मन राखायला बोलताय." मी मन राखायला बोलत नव्हतो, राजेंद्र.

तर बातमी अशी की मी गाडीवरची ताडपत्री काढली. आत एक मांजर व्याली होती, तिची सोय आधी लावावी लागली. लिंबाचा मार मागच्या उजव्या बाजूला आहे. तिथले पाइप कापून नवीन जोडले, सांगाडा दोरी लावून तपासला, सरळ आहे. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं स्प्रिंगा बनवायच्या साच्यांच्या डाय बसवल्या त्या काही फुकट नाही बसवल्या.

राहिले शॉकअप. मागच्या वेळी आपण भंगारातल्या मारुतीचे घातले होते, आहेत ते चालवून घ्या म्हणून. या वेळी तसं नाही. चारही चाकांना नवीन, या गाडीच्या वजनाला बरोबर बसतील असेच घालायचे. तीन पर्याय आहेत. एक, बुलेटचे घ्यायचे. आपल्याकडची हौशी पोरं तेच करतात, पण दबायला जागा कमी. दोन, जुने भरून घ्यायचे. तेल नवीन, सील नवीन, पण स्प्रिंग जुनीच. तीन, पुण्याचा एक जण अंगावर आटे पाडलेले शॉकअप बनवून देतो, त्यांची उंचीही बदलता येते आणि कडकपणाही. तो फोनवर विचारतो, "प्रत्येक चाकावर वजन किती?" मी म्हणालो, कळवतो.

तुला काय वाटतं ते लिही. मला गाडी बनवता येते पण चालवता येत नाही, हे तू सगळ्या भावकीत सांगून ठेवलंच आहेस. तू नुसतं बूड टेकवलंस तरी सांगायचास, दाजी, डावं मागचं कडक आहे. ते बूड मी कुठून आणू?

माय कशा आहेत? सासूबाईंना माझा जयभीम सांग. त्या अजून मला जावईबापू म्हणत असतील तर.

तुझा दाजी,
कडुबा


पडेगाव
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजेंद्र,
जयभीम.

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे घरात कुणीतरी घेतलं.

चाकांवरचं वजन कसं केलं ते ऐक, तू हसशील. मोंढ्यातल्या बद्रीनाथ आडत्याकडून धान्याचे चार सपाट काटे एका रविवारपुरते मागून आणले. तो म्हणाला, "काय तोलता?" मी म्हणालो, गाडी. तो म्हणाला, "घ्या, पण त्यावर नाचू नका." शेडची जमीन कुठं वर कुठं खाली, म्हणून पाण्याची नळी लावून चारही काटे एका पातळीत आणले. त्यातच अर्धा दिवस गेला. मग गाडी जॅकवर उचलून एकेक चाक काट्यावर अलगद ठेवलं.

पण रिकामी गाडी तोलून उपयोग नाही. चालवणारा बसलेला हवा, कारण गाडी एवढी हलकी की माणूस बसला की सगळं गणित हलतं. तुझं वजन चौऱ्याहत्तर धरलं, दोन वर्षांपूर्वीचं. गव्हाचं पन्नास किलोचं पोतं तुझ्या सीटवर बसवलं, पायांपाशी चोवीस किलो लोखंडाचे तुकडे ठेवले आणि वरून पट्टा आवळला. रूपा चहा घेऊन आली. बघत उभी राहिली.

"ह्ये काय?"

"राजेंद्र आहे," मी म्हणालो.

"माझ्या भावाच्या जागी पोतं बसवलं का तुम्ही?" ती म्हणाली. हसून म्हणाली, पण चहा तिथंच फळीवर ठेवून आत गेली.

पुढचं डावं एकशे चाळीस, उजवं एकशे बावन्न. मागचं डावं एकशे शहाण्णव, उजवं दोनशे चार. पुणेवाल्याला कळवलं. त्यानं हिशेब केला: पुढच्या स्प्रिंगा बावीस किलोला एक सेंटिमीटर दबतील अशा, मागच्या चाळीस किलोला. मी स्वतः वहीत दोनदा करून पाहिलं, बरोबर येतं. बनवायला सांगितले.

तो पुणेवाला बोलका माणूस आहे. म्हणाला, "काका, शॉकअपचं काम दोन. दबताना आधार द्यायचा आणि सुटताना चाक जमिनीवर धरायचं. लोकांना पहिलंच आठवतं." खड्ड्यात किंवा उंचवट्यापलीकडे चाक खाली लोंबतं तेव्हासुद्धा स्प्रिंग आपल्या बैठकीत, म्हणजे ती टेकते त्या वाटीत, थोडी तरी दाबलेली राहिली पाहिजे. ती मोकळी झाली की संपलं. मी म्हणालो, हो, माहीत आहे. आणि फोन ठेवला.

आता तुला एक सांगतो. त्या दिवशी मागचे शॉकअप जरा बसके होते. जुने होते ते. तेल गळत असावं. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. तर त्यात तुझी चूक किती आणि मालाची किती, हा विचार तू करावास, आणि विचार होईपर्यंत तो अर्ज खिशात ठेवावास. एवढंच.

तुझा दाजी,
कडुबा


पडेगाव
२ मार्च २०२५

प्रिय राजेंद्र,
जयभीम.

शॉकअप आले. लाकडी खोक्यातून आले. पिवळ्या स्प्रिंगा, खाली आटे, बाजूला एक बारीक चाकी. ती फिरवली की टिक टिक वाजते आणि दर टिक्याला शॉकअप थोडा कडक होतो. असे वीस टिके आहेत. मी एक हातात घेऊन दाबत बसलो होतो, तर रूपा म्हणाली, "बाळ आहे का ते?"

बसवताना एक चूक केली असती, वाचलो. वरखालच्या बोल्टना रबरी बुश आहेत. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं. तेव्हाच बोल्ट आवळले की रबर त्या स्थितीत धरलं जातं आणि गाडी खाली आली की पिळत राहतं, सहा महिन्यांत फाटतं. म्हणून बोल्ट नुसते अडकवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, सीटवर पोतं बसवायचं आणि मग खाली झोपून आवळायचे. माझं पोट आता पूर्वीसारखं गाडीखाली मावत नाही. मागचा उजवा बोल्ट आवळायला रूपानं मदत केली. तिला खाली बसता येत नाही, तर स्टुलावर बसून काठीनं पान्याचा दांडा दाबून धरला. म्हणाली, "बास का?" मी म्हणालो, अजून थोडं. म्हणाली, "तुमचं अजून थोडं लई असतं."

आता गाडी जमिनीपासून बरोबर साडेपाच इंच आहे. ना उंच, ना बसकी. कोपऱ्यावर दाबून सोडली की एकदा वर येते आणि थांबते, डुलत नाही. बघायला ये.

पण पुढं मला काहीच कळत नाही. ते वीस टिके कुठं ठेवायचे? पुणेवाला म्हणतो, चालवून ठरवा. चालवणार कोण? गल्लीतल्या एकाला बसवून पाहणार होतो, पण त्यानं आरसा बघून केस नीट केले तेव्हाच मी त्याला उतरवला. गाडी चालवायची ती कंपनीच्या मागच्या मोकळ्या मैदानात, रस्त्यावर नाही. नंबर नसलेली गाडी रस्त्यावर काढायचीच नसते, ते तेव्हा विसरलो होतो.

संध्या म्हणाली तू जेवत नाहीस नीट. म्हणजे माझं चौऱ्याहत्तरचं गणितही चुकलं.

राजेंद्र, मार्च लागला. मी रोज सकाळी उठून ठरवतो की आज तुला एक सविस्तर पत्र लिहायचं. मग शेडमध्ये जातो आणि कुठलातरी बोल्ट पुन्हा तपासतो. सगळे बोल्ट घट्ट आहेत. आता तपासायला काही उरलं नाही. तू येऊन जा. आलास की बोलू. अर्ज मात्र देऊ नकोस, हे मी हात जोडून सांगतो.

तुझा दाजी,
कडुबा


पडेगाव
११ मार्च २०२५

राजेंद्र,

तुझं पत्र काल दुपारी आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून रूपानं दारातूनच हाक मारली. तिनंच फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. तू लिहिलं होतंस ते माझं आता पाठ झालं आहे:

"दाजी, जयभीम. तिन्ही पत्रं मिळाली. मागचे दहा टिक्यांवर ठेवा, पुढचे आठवर. मैदानात एक गोल फेरी मारा, मागून सुटायला लागली तर मागचे दोन टिके नरम करा. कडक करू नका. तुम्ही म्हणता शॉकअप बसके होते. असतील. पण शॉकअप कसाही असो, ड्रायव्हरला गाडी अंगाखाली कळली पायजे. बावीस वर्षं बस चालवली मी. गतिरोधक मला दिसला होता. ब्रेकवर पाय पडला का नाय तेच आठवत नाय. दोन वर्षं रोज आठवून बघतो. ज्याला त्याचा पाय आठवत नाय त्यानं साठ माणसं मागं बसवू नये. अर्ज परवाच दिला. आक्काचा पाय माझ्यामुळं गेला आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. दुसरा कुणी असता तर तोंड बघितलं नसतं. त्याचंच जास्त लागतं. झालं ते माफ करा."

वाचून झाल्यावर रूपानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "खरंय त्याचं. एका शब्दानं बोलला नाय तुम्ही त्याला. लई मोठं मन तुमचं."

तेव्हा मात्र मला बसवेना. लग्नाला एकतीस वर्षं झाली, या बाईनं माझं कौतुक मोजून चार वेळा केलं असेल, आणि त्यातलं एक हे. मी तिला सांगितलं. आता तुला सांगतो.

मैदानावरच्या त्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी गाडीच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा कापल्या. ग्राइंडरनं. प्रत्येकीचा दीड वेढा. गाडी खाली बसावी, दिसायला खऱ्या स्पोर्ट्स कारसारखी दिसावी म्हणून. शॉकअप जुने होते, पण गळत नव्हते. ते फेब्रुवारीच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

आपल्याकडं सगळे कापतात. गॅरेजात कुणालाही विचार, तो म्हणेल एक वेढा काप, काही होत नाही. पण मी सगळ्यातला नाही. मी स्प्रिंगच्या डाय बसवलेला माणूस आहे. कापलेली स्प्रिंग आखूड होते आणि चाक लोंबलं की बैठकीतून मोकळी होते, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. मी मनाशी म्हणालो, मैदानावर न्यायची आणि परत आणायची, सावकाश, मधे उंचवटा येतोच कशाला. आणि मग लोकांनी गाडीभोवती गर्दी केली, फोटो काढले, माझं डोकं फिरलं, आणि मीच तुझ्या हातात चावी दिली. मीच म्हणालो, जा, आक्काला दौलताबादच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आण.

तू चाकाकडं बघून विचारलं होतंस. "दाजी, आज मागून बसकी दिसती." मी म्हणालो, हवा कमी ठेवली आहे, फोटोसाठी. तुला आठवतं का ते? मला आठवतं. तुझा पाय ब्रेकवर होता का नव्हता याला काही अर्थ नाही. गतिरोधकावर मागची चाकं हवेत सुटली, उजवी स्प्रिंग बैठकीतून निसटली आणि आडवी अडकली. चाक खाली आलं ते वाकडं आलं. त्यानंतर गाडी कुणाच्याच हातात नव्हती. तरीही तू ती एका लिंबावर थांबवलीस, पलीकडं विहीर होती.

गाडी ओढून शेडमध्ये आणली तेव्हा मी ती स्प्रिंग बघितली. दोन्ही काढून टाकल्या. गाडी रस्त्यावर न्यायची परवानगी नव्हती म्हणून आपण कुठं बोभाटा केला नाही, आणि ते माझ्या पथ्यावर पडलं. कुणी बघायला आलंच नाही.

हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहितो आहे. पहिलं रूपानं वाचायला मागितलं. त्यात मी लिहिलं होतं की कॉलेजची पोरं हसली होती, गाडी रिक्षासारखी उंच दिसते म्हणाली होती, म्हणून मी कापली. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "ती पोरं कशाला मधी आणली? त्यांच्या हातात ग्राइंडर व्हता का?" मी ती ओळ काढली. मग तिनं विचारलं, "दोन वर्षं झाली?" मी म्हणालो, हो. रात्री तिनं स्वयंपाक केला, माझं ताट वाढलं आणि स्वतः अंगणात जाऊन बसली.

हे पत्र ती पोस्टात टाकू देत नाही. म्हणते, पोस्टानं चार दिवस लागतील, तोवर अर्जावर सही होईल. ती स्वतः घेऊन येते आहे, उद्या पहिल्या बसनं. मी म्हणालो मी येतो सोबत, सिल्लोडला गाडी बदलावी लागते, पायऱ्या उंच असतात. म्हणाली, "नका येऊ." एवढंच म्हणाली.

तुझी चूक नव्हती. हे मला दोन वर्षांपूर्वी लिहायचं होतं.

कडुबा


पडेगाव
२३ मार्च २०२५

राजेंद्र,

रूपा तुमच्याकडं येऊन अकरा दिवस झाले. मी रोज फोन करतो. संध्या उचलते. आता थंडीबद्दल नाही, उन्हाबद्दल सांगते.

आज रूपा स्वतः बोलली. म्हणाली अर्ज मंजूर होऊन आला. तू पत्र घेऊन डेपोत गेलास की नाही, साहेबांना दाखवलंस की नाही, हे मी विचारलं. म्हणाली, नाही गेला. ती म्हणाली तू पत्र एकदा वाचलंस, घडी घातलीस आणि मायला म्हणालास, "काय नाय, गाडीचं आहे." दुसऱ्या दिवशी तुला तिनं विचारलं, आता तरी चालवशील ना रे? तू म्हणालास, "आक्का, दोन वर्षं मी रोज स्वतःला त्या गतिरोधकावर उभा करतोय. आता पायाला खरं सांगितलं तरी तो ऐकत नाय." ट्रॅक्टरवर नुसतं बसलास तरी चावी न फिरवताच उतरतोस म्हणे.

मी साहेबांना पत्र लिहिलं आहे. सगळं लिहिलं, सही करून. ते काय करतील माहीत नाही. खासगी गाडीचा अपघात, त्यांच्या कागदांत तो नाहीच, आणि अर्ज तुझ्या हातचा. बहुधा फाइलला लावतील. उद्या मी स्वतः डेपोत जाऊन उभा राहणार आहे. त्यांनी बाहेर काढलं तरी जाणार आहे. याहून दुसरं काय करता येतं ते मला सुचत नाही, तुला सुचलं तर सांग.

गाडी शेडमध्ये आहे. दहा आणि आठ टिके ठेवले. मैदानात नेली नाही.

रूपा कधी येणार ते मी विचारलं नाही. फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "त्यानं एकच विचारायला सांगितलंय तुम्हाला." मग तिनं तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. "आक्का दवाखान्यात होती तेव्हा सतरा दिवस मी बाहेरच्या बाकड्यावर बसून होतो, आणि दाजी रोज माझ्यासाठी चहा घेऊन यायचे. पाठीवर हात ठेवायचे, म्हणायचे घे, गरम आहे. तेव्हा त्यांना ठाऊक होतं का?"

रूपा फोन धरून थांबली होती. मला वाटतं तू तिथंच होतास. मी म्हणालो, पत्रात लिहितो.

हो. ठाऊक होतं. पहिल्या दिवशी शेडमधून त्या दोन स्प्रिंगा पोत्यात घालून भंगारवाल्याकडं टाकल्या, आणि तिथून दवाखान्याकडं येताना टपरीवर थांबून तुझा चहा घेतला.

कडुबा